सावकाश केलेलं धाडस

बुद्धिबळातली धारदार सुरुवात म्हणजे घाईचा जुगार, असा समज पक्का आहे. पाचव्या जागतिक पत्रव्यवहार बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेतला (१९६५-६८), म्हणजे टपालाने चाली पाठवून खेळलेला, एस्ट्रिन-बर्लिनर डाव तो समज मोडून काढतो. पांढऱ्याकडून याकोव्ह एस्ट्रिन, काळ्याकडून हान्स बर्लिनर. सुरुवात दोन घोड्यांच्या बचावाची, आणि त्यावर एस्ट्रिन पुस्तक लिहिण्याइतका अधिकारी. तरीही दहाव्या चालीला बर्लिनरने डी४ वरचा घोडा मारू देऊन ई-पट्टीतलं प्यादं पुढे रेटलं. पुढे राजा डी८ वर सरकवून किल्लेकोटाचा हक्कही सोडला. घड्याळ टिकटिकत असताना फार थोडे खेळाडू असा धोका पत्करतील. त्याला हे जमलं ते विचाराला दिवसच्या दिवस मिळाले म्हणून; वेळेने त्याचं धाडस वाढवलं. शेवट तर मात देणाऱ्या हल्ल्यात झालाच नाही. वजीर गेले, हत्ती-प्याद्यांचा शेवट उरला, काळा राजा डी४, डी३ करत सी२ पर्यंत चालत गेला आणि बेचाळिसाव्या चालीनंतर पांढऱ्याने हार मानली. स्पर्धेत बर्लिनरचे १६ डावांत १४ गुण, पराभव एकही नाही.

घरी बसून आधीच शोधलेल्या चालीला धाडस कसं म्हणायचं, असं कुणी विचारेल. पण वेळ आणि पुस्तकं एस्ट्रिनकडेही तेवढीच होती, आणि विश्लेषण कुठेतरी संपतंच. त्यापुढे खेळाडूला स्वतःच्या निर्णयावर उभं राहावं लागतं. नंतरच्या विश्लेषकांनी पांढऱ्यासाठी अधिक चांगल्या वाटा दाखवल्या, म्हणजे धोका खराच होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संगणकाची मदत चालते, म्हणून आज पत्रव्यवहार बुद्धिबळात वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. ते मान्य. पण अजिंक्यपदाचं दुखणं शाळेच्या डावाला कशाला लावायचं? नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा विदर्भातल्या कितीतरी मुलांना पट मांडावासा वाटला असेल. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या मुलाला मात्र रेल्वेसाठी वडसा गाठावं लागतं, मोठ्या स्पर्धा त्याहून दूर. चालीला तीन-चार दिवस देणारा ऑनलाइन डाव प्रवास मागत नाही आणि नेटवर्क दिवसभर गेलं तरी मोडत नाही. धानोरा आणि भामरागडच्या शाळांनी संगणकाची मदत न घेता असा डाव खेळावा, आणि काळ्याकडच्या मुलांना फक्त बचाव करत बसायला शिकवू नये.