दोषाचे स्थान

एखादे कार्य बिघडले म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न मनुष्य तत्काळ विचारतो. परंतु दोष कोठे आहे, हा त्याहून निराळा प्रश्न विचारण्याचे श्रम तो सहसा घेत नाही. पहिल्या प्रश्नास कोणा एकाकडे बोट दाखविले की भागते. दुसऱ्यास तपास लागतो. ज्याच्या ठिकाणी काम थांबलेले दिसते त्याच्याकडे बोट दाखविणे सर्वांत सोपे असल्यामुळे थांबणारा कोण व थांबविणारा कोण, हा भेद आपल्या व्यवहारातून नाहीसा होतो. हा भेद केवळ तर्कशास्त्रातला नसून नीतिशास्त्रातलाही आहे, असे आम्हांस वाटते. आणि तो स्पष्ट करण्यास जुन्या मोटारीच्या निपचित पडलेल्या बॅटरीइतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी व पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झालेली फियाट घ्या. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. मुंबईच्या टॅक्सींतील अखेरची पद्मिनी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. तथापि हौसेने ही गाडी जतन करणारी कुटुंबे अद्यापि आहेत. अशी गाडी सकाळी किल्ली फिरविताच नुसता ‘टक्’ असा आवाज करून स्तब्ध राहिली, की ‘बॅटरी गेली’ असा निकाल दिला जातो व नवी बॅटरी आणविली जाते. गाडी चालू होते. निकाल खरा ठरल्यासारखे वाटते. आठवडा लोटतो, आणि नवी बॅटरीही जुनीसारखीच मुकी होते.

असे का व्हावे? १८५९ साली गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे व गंधकाम्ल यांच्या योगाने जी योजना सिद्ध केली, तीच या बॅटरीच्या मुळाशी आहे. ही विजेची खाण नव्हे, ठेव आहे. डायनामो तीत भर घालतो. दिवे, भोंगा व स्टार्टर तीतून काढतात. ठेव रिकामी आढळली म्हणजे पेटी फुटकी आहे असेच ठरत नाही. भरणा बंद पडला असेल किंवा कोणी गुपचूप काढून नेत असेल.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम टर्मिनल पाहतो. तेथे पांढरट-हिरवी पूड साचली असेल अगर पकड सैल असेल, तर भरलेली बॅटरीही हतबल होते; गरम पाणी, खाण्याचा सोडा व एक पाना एवढ्यावर काम भागते. नंतर तो मीटर लावतो. विसावलेल्या भरल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन वेगात असता तो १४ च्या आसपास चढला नाही, तर डायनामो, त्याचा पट्टा किंवा रेग्युलेटर कर्तव्य चुकत आहे. तेही ठीक असेल, तर ऋण टोकाची तार सोडवून तो मध्ये अँपिअर मोजणारे मीटर जोडतो आणि एकेक फ्यूज काढीत जातो. जो काढताच काटा शून्यावर येतो, त्याच वाटेने वीज गळत असते. आपले नैयायिक ज्यास व्यतिरेक म्हणत, तो हाच. दार नीट न लागल्यामुळे रात्रंदिवस जळणारा ५ वॅटचा दिवासुद्धा सुमारे ०.४ अँपिअर ओढतो, आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निःसत्त्व करतो. गुन्हेगार इतका लहान असतो की त्याचा संशयही येऊ नये.

याचा अर्थ बॅटरी सदैव निर्दोषच असते, असा मात्र नव्हे. तिच्या सहा कोठ्यांतील आम्लाची घनता मोजावी. पाचांत ती १.२७ च्या आसपास असून एकातच फार उतरली असेल, तर दोष त्या कोठ्यातच आहे. साहींत ती सारखीच उतरली असेल, तर बहुधा कारण बाहेर शोधावे. निदान म्हणजे दोषमुक्तीचा दाखला नव्हे. ज्याचा दोष त्यासच लावणे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या वैद्यकात ‘माधवनिदान’ हा केवळ निदानावरचा स्वतंत्र ग्रंथ झाला, यावरून चिकित्सेपूर्वीच्या या पायरीचे महत्त्व पूर्वजांनी किती ओळखले होते, हे ध्यानात येईल.

येथे कोणी म्हणेल की, रोग्यास इस्पितळात न्यावयाचे असता फ्यूज काढीत बसावे काय? मुळीच नाही. चार जणांनी धक्का द्यावा, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीस तारा जोडाव्या, आणि निघावे. परंतु गाडी चालू झाली म्हणजे कारण कळले, असे समजू नये. धक्का देणे हा उपकार आहे. कारण शोधणे हा न्याय आहे. उपकाराने न्यायाचे ऋण फिटत नाही.

हे विवेचन गाडीपुरतेच असते तर ते मिस्त्रीवर सोपविता आले असते. परंतु त्याच कुर्ल्याहून हार्बर मार्गाने तिसरे स्थानक गोवंडी. १९२७ पासून मुंबईचा कचरा शेजारच्या देवनारच्या क्षेपणभूमीवर येऊन पडत आला. शहराच्या अन्य भागांतून हटविलेल्या अनेक कुटुंबांना याच परिसरात वसविण्यात आले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात मोडते तो एम-पूर्व विभाग सर्वांत खाली होता. तरीही सुशिक्षित घरांतून ‘गोवंडी म्हणजे घाण’ असे सहज बोलले जाते. तो कचरा ज्या घरांतून निघाला, त्यांत आपलेही घर असते. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा कचरा पेटून धूर शहरावर पसरला, तेव्हा कोठे ही वाट दुसऱ्या टोकाकडून दिसली.

आणि विलंब निरुपद्रवी नसतो. रिकामी बॅटरी दीर्घकाळ तशीच ठेवली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या गंधकीय क्षाराचे कठीण स्फटिक जमतात. मग कितीही वीज पुरविली तरी ती पुरती घेत नाही. बाहेरच्या गळतीने रिती झालेली वस्तू अशा रीतीने अखेर खरोखरच सदोष होते, आणि ‘आम्ही म्हणतच होतो’ असे म्हणणाऱ्यांस पुरावा मिळतो. मनुष्यास असे स्फटिक कायमचे जखडत नाहीत, ही आशेची गोष्ट; पण ज्या मुलाच्या शाळेची व श्वासाची वर्षे गेली, त्यास ती परत देता येत नाहीत. दोषाचे स्थान शोधण्यास आपण जो उशीर करतो, त्यात तो दोष आपल्या दारातून दुसऱ्याच्या अंगी जाऊन बसतो. म्हणून तपासाचा आळस ही बुद्धीची उणीव नव्हे. तो अन्याय आहे, आणि त्याची झीज तपास न करणाऱ्यास सोसावी लागत नाही.