तेलाचा भाव आणि तेरखेड्याचा हिशेब

सोलापूर-धुळे महामार्गावरचे, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले तेरखेडा ओळखले जाते ते फटाक्यांमुळे. शोभेची दारू हा इथला जुना धंदा आणि त्यातले स्फोट या गावाने सोसले आहेत. मार्च २०२२मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली आणि तिची चित्रफीत देशभर फिरली. बॅटरीविषयी अशा गावात शंका निघाली तर तिला अडाणीपणा म्हणता येणार नाही. दारूकाम करणाऱ्याला ठाऊक असते की सुरक्षितता परवान्यावर, दोन शेडमधल्या अंतरावर, साठ्याच्या मर्यादेवर आणि वेळच्या वेळी होणाऱ्या तपासणीवर उभी असते. बॅटरी-चाचणीचे कडक नियम देशात डिसेंबर २०२२पासून लागू होऊ लागले. गाड्या त्याआधीच रस्त्यावर आल्या होत्या.

शहरातली चर्चा मात्र कच्च्या तेलाभोवती आणि शेअरच्या भावाभोवती फिरते. तेल चढले की विजेच्या गाड्यांचे दिवस आले म्हणायचे, उतरले की संपले. ही मोजपट्टीच चुकीची आहे. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला. त्यानंतर पंधरवड्यातच केंद्राने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचे १३ रुपयांनी वाढवले. जगातल्या स्वस्ताईचा फायदा पंपावर पोचलाच नाही. जून २०२५मध्ये इस्राएल-इराण युद्धाने तेल भडकले, युद्धविरामानंतर उतरले. पंपावरचा आकडा जवळपास तोच राहिला.

शेअर बाजाराचेही तसेच. विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या ओला इलेक्ट्रिकचा शेअर ऑगस्ट २०२४मध्ये ७६ रुपयांना विकला गेला, काही दिवसांत दीडशेच्या वर गेला आणि वर्षभराच्या आत पन्नाशीच्या खाली आला. त्या चढउताराइतकाच महत्त्वाचा आकडा दुसरा होता: सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर याच कंपनीविरुद्ध आलेल्या १०,६४४ तक्रारी. स्कूटर घेणाऱ्याच्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे तो या आकड्याचा.

हिशेब विजेच्या बाजूने आहे, हे मान्य केलेच पाहिजे. लिटरला पन्नास किलोमीटर धावणाऱ्या गाडीला, पेट्रोल शंभराच्या वर असताना, किलोमीटरला दोन रुपये लागतात. विजेवर तेच अंतर तीस-चाळीस पैशांत कापता येते. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या दूधवाल्याचे महिन्याला दोन हजार रुपये वाचू शकतात.

मग अडते कुठे? पहिली अडचण विजेचीच. शेतातल्या अनेक वस्त्या शेतीपंपाच्या फीडरवर असतात. तिथे लाइट पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्या फिरतात आणि त्याच माळावरच्या वस्तीला लाइटची वाट पाहावी लागते, हे फार बोचणारे आहे.

दुसरी अडचण दुरुस्तीची. पुण्यात १९७२ साली आलेली लुना ही मोपेड खेड्यापाड्यांत रुजली, कारण प्लग साफ करायला आणि पंक्चर काढायला कोपऱ्यावरचा मिस्त्री पुरे होता. फेब्रुवारी २०२४मध्ये तीच लुना विजेवर परत आली. आता बिघाड कंट्रोलरमध्ये किंवा बॅटरीत झाला तर कोपऱ्यावरचा मिस्त्री हात लावत नाही, गाडी टेम्पोत घालून शहरात न्यावी लागते आणि त्या दिवशीचे दूध पोचत नाही. बॅटरी बदलायची वेळ आल्यावर गाडीला किती किंमत उरेल, हेही कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

तिसरी अडचण धोरणाची. विजेच्या वाहनांसाठीचे राज्याचे २०२५चे धोरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पूर्ण टोलमाफी देते. या तिन्हींपैकी एकही रस्ता धाराशिव जिल्ह्यातून जात नाही. खेड्यातल्या बहुतेकांना विजेचे वाहन पहिल्यांदा भेटले असते ते एसटीच्या रूपाने. महामंडळाने ५,१५० विजेच्या बस घेण्याचा करार केला. पुरवठा इतका रखडला की मे २०२५मध्ये परिवहनमंत्र्यांनी तो करार रद्द करण्याचे निर्देश दिले.

म्हणून तेरखेड्याचा संशय खरेदीदाराचा संशय आहे, आणि तो रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचे तर जाहिरातीचा आणि टोलमाफीचा थोडा पैसा इकडे वळवावा. वाशीच्या आयटीआयमध्ये बॅटरी आणि कंट्रोलर दुरुस्तीचा अभ्यासक्रम, महामार्गावरच्या प्रत्येक मोठ्या गावाच्या एसटी थांब्यावर एक चालू स्थितीतला चार्जर आणि वस्त्यांना रात्रभर घरगुती वीज, एवढे जिल्हा नियोजन समितीने पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घ्यावे.