नऊ जण परत का आले नाहीत?

आजचा शास्त्रभाग : लूक १७:११-१९



तारण फुकट मिळालं आहे, हे आपल्याला पाठ आहे. इफिसकरांस पत्र २:८-९ तर तरुण संघात कितीदा म्हटलंय. कृपेने, आपल्या कर्मांनी नाही. मग मला सांगा, फुकट मिळालेल्या गोष्टीचे उपकार मानायला एवढं जड का जातं?

मला जात होतं. रात्री प्रार्थनेच्या शेवटी ‘धन्यवाद प्रभू’ म्हणायचो, ऑफिसच्या मेलखाली ‘रिगार्ड्स’ येतं तसं. आपोआप.

या पावसाळ्यात मंडळीतल्या मुलांबरोबर हिवरे बाजारला गेलो होतो. नगर जिल्ह्यातलं हे गाव पर्जन्यछायेत येतं, पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर. एकेकाळी डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, गावात दारू, आणि लोक कामासाठी बाहेर. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदानाला हात घातला. डोंगरावर समतल चर खणले, बांध घातले, झाडं लावली. कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली.

आम्ही डोंगर चढत होतो. ओलं गवत गुडघ्याला लागत होतं. वाटेत गावातले एक काका भेटले. मी विचारलं, “काका, झाडं लावल्यावर पाऊस वाढला का हो?”

ते हसले. “पाऊस कुठं वाढतोय? त्यो तेवढाच. आधी वरून पडायचा आन् खाली निघून जायचा. आता थांबतोय.”

मी तिथेच एका चराच्या कडेला बसलो. डोक्यात ते दहा कुष्ठरोगी आले. कृपा दहाही जणांवर सारखीच झाली. दहाही जण शुद्ध झाले. पण थांबली ती एकाच्या आत, आणि तोही शोमरोनी. बाकी नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं.

आपण म्हणतो, ते नऊ जण विसरले. मला नाही पटत. कुष्ठरोग कोण विसरेल? मला वाटतं, त्यांना आठवायचं नव्हतं. परत जायचं म्हणजे सगळ्यांसमोर पायाशी पडून कबूल करायचं की मी कोण होतो.

हे मला कसं कळलं, तर माझ्या दादामुळे. चार वर्षांपूर्वी मी मोबाईलवर ट्रेडिंग करून पैसे घालवले, वर कर्जही केलं. दादाने घरासाठी जमवलेले अडीच लाख काढले आणि ते फेडलं. पुन्हा कधी एक शब्द बोलला नाही. आणि मी? मी त्याला टाळायला लागलो. नाताळला उशिरा जायचो, लवकर निघायचो. थोडे थोडे पैसे ट्रान्सफर करायचो, फोन मात्र नाही. त्याला बघितलं की मला माझी लाज आठवायची.

प्रभूशी मी तेच करत होतो. क्वायर, संडे स्कूल, उपास, सगळं चालू होतं. ते हप्ते होते. वधस्तंभासमोर रिकाम्या हाताने उभं राहून ‘मी स्वतःला वाचवू शकलो नसतो’ एवढं म्हणायचं तेवढं टाळत होतो.

चर खणून कोणी पाऊस विकत घेत नाही. चर फक्त टणक जमीन फोडतो. उपकारस्तुतीही तेवढंच करते. तिने कृपा वाढत नाही, आलेली कृपा आत मुरते.

आणि मुरली की जगण्यात दिसते. पाणी आलं म्हणून हिवरे बाजारने ऊस लावला नाही. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असं ठरवलं. किती पाऊस पडला ते मोजायचं, आणि त्या हिशोबाने ग्रामसभेत पिकं ठरवायची. मला रोमकरांस पत्र ६:१ आठवलं. कृपा भरपूर आहे म्हणून पाप करत राहायचं का, असं पौल विचारतो. त्या गावकऱ्यांचा विश्वास आपल्यासारखा नसेल. पण पाऊस धार्मिक-अधार्मिक बघून पडत नाही, हे मत्तय ५:४५ मध्ये प्रभूनेच सांगितलंय. त्या दिवशी उपदेश मला त्यांच्या डोंगराने केला.

खाली उतरताना दादाला फोन लावला. म्हटलं, “दादा, तेव्हा तू नसतास तर मी संपलो असतो. हे मी तुला कधी बोललोच नाही.”

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, “जेवलास का?”

मित्रांनो, आज ‘धन्यवाद प्रभू’ म्हणण्याआधी एक मिनिट थांबा. कशातून सोडवलं, ते नाव घेऊन सांगा. आणि एखाद्या माणसाकडे परत जायचं राहिलं असेल, तर आजच जा.

प्रार्थना : प्रभू येशू, मी त्या नऊ जणांतला होतो. माझी टणक जमीन फोड. तुझी कृपा माझ्यावरून वाहून जाऊ देऊ नकोस. आमेन.