जपानी पान, मराठी पान

रविवारी घरी पंगत होती. मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढून झाली आणि आतून हाक आली, "चला, पानं वाढलीत!" जपानी शिकणारी माझी भाची म्हणाली, "मामा, जपानी माणसाला वाटेल, इथे सगळ्यांना पाव वाढलेत." जपानीत 'पान' म्हणजे पाव. पंगतीतल्या एकाने लगेच निकाल दिला, "म्हणजे आपलाच शब्द तिकडे गेला!" तो कसा गेला, कधी गेला, हे कोणी विचारलं नाही. ते विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आपलं पान 'पर्ण'मधून आलं. पर्णाचं प्राकृतात पण्ण झालं आणि पण्णाचं पान. हे काही एकट्या पानाच्या वाट्याला आलेलं नाही. कर्णाचा कण्ण होऊन कान झाला, चूर्णाचा चुण्ण होऊन चुना. विड्याच्या पानाला चुना लावताना आपण एकाच वाटेने आलेले दोन शब्द एकत्र आणतो. व्युत्पत्ती म्हणजे ही वाट. एक शब्द जिथून गेला तिथूनच त्याच्यासारखे इतरही गेलेले दिसले, तरच ती खरी. पुढे झाडाचं पान वहीचं झालं, जेवणाचं झालं. केळीच्या पानाच्या जागी स्टीलचं ताट आलं, तरी आपण 'पानं घ्या' असंच म्हणतो.

जपानी पानाचा या पर्णाशी काडीचाही संबंध नाही. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि पुढे त्यांच्या पावाबरोबर त्याचं नावही तिथे रुजलं. लॅटिन 'पानिस'मधला न पोर्तुगीजांच्या तोंडी नाकात विरून गेला होता. जपान्यांनी तो नाकातला सूर पकडला आणि शब्द झाला पान. आपल्याकडे १५१० पासून गोव्यात ठाण मांडलेल्या त्याच पोर्तुगीजांचा शब्द आला, तेव्हा तो सूर गळाला आणि उरला पाव. म्हणजे जपानी पानाचा भाऊ आपल्या घरात आहे खरा, पण तो वडापावातला पाव. आणि 'पाव किलो'मधला पाव तर तिसराच, चौथा हिस्सा सांगणाऱ्या 'पाद'मधून आलेला! दुकानात 'पाव किलो पाव' मागणाऱ्याच्या एका वाक्यात संस्कृत आणि लॅटिन शेजारी शेजारी उभ्या असतात.

'पान' आणखी एका भाषेतही आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे ५,००० पोलिश लोक राहत होते. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं ती छावणी होती. पोलिशमध्ये 'पान' म्हणजे श्रीयुत आणि 'पानी' म्हणजे बाई. छावणीत पान आणि पानी ही माणसाला मारायची हाक होती. बाहेर गावात पान खायचं होतं आणि पाणी प्यायचं. आपलं पाणी 'पानीय'मधून, म्हणजे पिणे सांगणाऱ्या 'पा' धातूतून आलं आहे. पोलिश आणि मराठी या एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या भाषा, तरी या शब्दांचं एकमेकांशी नातं नाही. जपानी त्या कुळातली नाही, तरी तिचं पान आपल्या पावाला भाऊ लागतं. कानाला सारखं वाटणं हा नात्याचा पुरावा नव्हेच.

'व्हॅटिकन म्हणजे आपली वाटिका' असे संदेश फोनवर फिरत असतात. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचं नाव ख्रिस्ती धर्माहूनही जुनं आहे. या संदेशांचा मला राग येतो, कारण भाषेचा मान वाढवण्याच्या नावाखाली ते तिचा खरा प्रवास पुसून टाकतात. पर्णाचं पान कोणा पंडिताने केलं नाही. शेतात, बाजारात, चुलीपाशी बोलणाऱ्या लाखो माणसांच्या तोंडी ते शतकानुशतकं झिजत घडलं. ते श्रेय त्यांचं आहे. ते त्यांच्याकडून काढून घेऊन, जगभरच्या शब्दांवर हक्क सांगण्यात कसला आला अभिमान?

असा संदेश आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला विचारा, हा शब्द कोणाबरोबर गेला, कोणत्या वाटेने, कोणत्या काळात? आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश ग्रंथालयात मिळाला, तर एकदा उघडून त्यात आपल्या रोजच्या जेवणातले दहा शब्द शोधा.