पट्टेरी डॅमसेल आणण्याआधी

रत्नागिरी

चि. बाळ,

पुण्याच्या दुकानात तू पाहिलास तो, पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे असलेला मासा म्हणजे थ्री स्ट्राइप डॅमसेल. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांत तो आढळतो. 'मासा चिवट आहे, नवी टाकी यानंच सुरू करा,' असं दुकानदार म्हणाला, हे तू लिहिलंस. चिवट आहे हे खरं. पण म्हणून त्याला कोऱ्या टाकीत सोडू नकोस, हे सांगायलाच हे पत्र.

माशाच्या कल्ल्यांतून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया जमतो. तो पचवणारे जिवाणू दगड-वाळूवर धरायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्या पाण्यानं कल्ल्यांची आग होत राहते. डॅमसेल हे सोसून जगतो, म्हणून वर्षानुवर्षं त्यालाच या कामाला जुंपलं गेलं. मला हे क्रूर वाटतं. रिकाम्या टाकीत चिमूट चिमूट खाद्य टाकत राहा आणि टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्ही चढून पुन्हा शून्य येईपर्यंत थांब.

आता पाण्याचं. तुमच्याकडे कर्जतला बोअरचं पाणी जड. टाकीला आरओचंच पाणी लागेल. मासा समुद्रातला, म्हणून त्यात २०० लिटरला साधारण ७ किलो मीठ, तेही खास मत्स्यालयासाठी मिळतं ते. स्वयंपाकातलं चालत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी धुण्याभांड्याला वापरा. टाकीतून काढलेलं खारं पाणी मात्र लिंबोणीच्या बुडाशी चुकूनही ओतू नकोस, जमीन खारावेल.

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. तुमच्याकडच्या कोरड्या वाऱ्यात एप्रिल-मेमध्ये पातळी रोज उतरेल. ती भरताना बिनमिठाचं आरओचं पाणी घाल, नाहीतर खारटपणा चढत जाईल. हायड्रोमीटरवर आकडा १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ अंश राहू दे. बाहेर पारा चाळिशी ओलांडेल तेव्हा पाण्यावर पंखा सोड, दोन-तीन अंश उतरतात. तेवढ्यानं भागलं नाही तर चिलर घ्यावा लागेल. त्याचं वीजबिल किती येईल ते तुझ्या बाबांना आधी सांग. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी वीज जाणं सगळ्यात घातक.

समुद्रात हे मासे फांद्याफांद्यांच्या प्रवाळात टोळीनं राहतात. रात्री फांद्यांत शिरून विसावतात, तेव्हाही त्यांचे पर हलत असतात, आणि त्या हलण्यानं प्रवाळाला प्राणवायू मिळतो, हे संशोधकांनी मोजून दाखवलंय. टोळीत सगळ्यात मोठा तो नर. तो गेला की मोठ्यातली मोठी मादी नर होते. बोटाएवढा जीव, पण हद्दीसाठी असा भांडतो की काच पुसायला घातलेल्या हातावरही धावून येतो. लहान टाकीत दुबळ्या माशाला पळायला जागा नसते. म्हणून एकच ठेव, आणि सोबत इतर मासे ठेवणार असशील तर याला सर्वांत शेवटी सोड. आसऱ्याला सच्छिद्र दगड पुरे. जिवंत प्रवाळ मागू नकोस. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलंय.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं या माशाच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय. तेव्हा मासा पैदाशीचा की समुद्रातून पकडलेला, हे दुकानदाराला विचार. सरळ उत्तर मिळालं नाही तर परत ये.

माझं ऐकशील तर येता उन्हाळा टाकी माशाशिवाय चालव. रोज दुपारी तीनला तापमान वहीत लिही. पाऊस लागला की वही मला पाठव. मे महिनाभर आकडा २८ च्या आत राहिला असेल, तर मासा आणायला पुण्याला मी तुझ्याबरोबर येईन.

ताई-दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा