परोपकारी माणसाची साखर

स्वभावाला औषध नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मधुमेहाच्या बाबतीत या म्हणीला एक वेगळाच अर्थ येतो. इथे औषध आहे. पण ते घेणारा माणूस आपल्या स्वभावासकटच ते घेत असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. रुग्णाने त्या वेळी स्वस्थ पडून राहिले म्हणजे पुष्कळ झाले. मधुमेही मात्र वर्षातून चार-सहा वेळा डॉक्टरांना भेटतो आणि बाकीचे सारे दिवस स्वतःच स्वतःचा वैद्य असतो. काय खावे, केव्हा खावे, गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यावे, पाय दुखत असता चालायला जावे की नाही, हे निर्णय त्याचे त्यालाच घ्यावे लागतात, आणि तेही मरेपर्यंत. अशा आजारात माणसाचा स्वभाव हा उपचाराचाच एक भाग होऊन बसतो. म्हणूनच तेथे एक नैतिक प्रश्नही उभा राहतो: साखर वाढली, तर तो त्या माणसाचा दोष मानावा काय?

मन आणि साखर यांचा संबंध माणसाला फार पूर्वीपासून जाणवत आला आहे. १७ व्या शतकातील इंग्लिश वैद्य थॉमस विलिस यांनी दीर्घकाळच्या दुःखाला या रोगाचे एक कारण मानले होते. १९११ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की भेदरलेल्या मांजराच्या लघवीत साखर उतरते. भीती वाटली की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते. ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि यकृत आपल्याजवळची साखर मोकळी करते. निरोगी माणसाचे शरीर ही साखर लवकरच आवरते. मधुमेहीला ते जमत नाही. घरातले भांडण, मुलाची नोकरी जाणे, रात्रभरचे जागरण यांची नोंद त्याच्या रक्तात अशी होत असते. ताटात एक घासही जास्त पडलेला नसताना त्याची साखर वाढू शकते, हे घरच्यांनी आधी समजून घेतले पाहिजे.

२० व्या शतकाच्या पूर्वार्धात काही मानसोपचारतज्ज्ञांनी याही पुढे जाऊन, मधुमेह होणाऱ्या माणसांचा एक ठरावीक स्वभाव असतो, असे मांडून पाहिले. ते मत टिकले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगतात. एवढ्या माणसांचा स्वभाव एकाच साच्यातला कसा असेल? टिकले ते इतकेच, की आजार जडल्यानंतर तो सांभाळण्यात स्वभावाचा आणि मनःस्थितीचा मोठा वाटा असतो. नैराश्य मधुमेहींमध्ये इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, हे अनेक पाहण्यांचा एकत्रित विचार करून २००१ मध्ये मांडण्यात आले. नैराश्याहून वेगळा असा एक शीणही असतो. रोजची तपासणी, रोजचे पथ्य, आणि एवढे करूनही आकडा हवा तसा न येणे, यांतून येणारा तो शीण. तो मोजण्यासाठी १९९५ पासून २० प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे. हा शीण म्हणजे आळस नव्हे, हे वैद्यकाने आता मान्य केले आहे. आपण, घरच्या माणसांनी, ते मान्य करायचे अजून बाकी आहे.

नेमस्त, शिस्तीच्या माणसाला आजार सांभाळणे सोपे जाते, हे सांगायला संशोधक लागत नाही. पण २००० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी शंभराच्या आसपास मधुमेहींचा अभ्यास केला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. काळजी करणाऱ्या, चटकन अस्वस्थ होणाऱ्या माणसांची साखर तुलनेने आटोक्यात होती; उलट परोपकारी वृत्तीच्या माणसांची सरासरी साखर अधिक होती. अभ्यास लहान आहे, एका ठिकाणचा आहे, आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. तथापि आपल्या घरांकडे पाहिले म्हणजे हा निष्कर्ष अगदीच परका वाटत नाही.

आपल्या घरांतील आई आठवून पाहा. सर्वांची पाने वाढून झाल्यावर ती जेवते. कोणी उशिरा येणार असेल, तर गोळी घेऊनही ताटकळत बसते. उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून तेही तीच संपवते. शेजारी मयत झाली की दिवसभर त्या घरी राबते आणि स्वतःच्या जेवणाची वेळ चुकवते. नातवाला ताप आला की स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलते. आपण सारे तिचे कौतुक करतो. अंत्यविधीच्या वेळी ती 'दुसऱ्यांसाठी जगली' असे म्हणतो. ज्या गुणासाठी आपण तिला वाखाणतो, त्याच गुणाने तिचा आजार बळावत असेल, तर त्या कौतुकात आपलाही थोडा स्वार्थ नाही काय?

येथे कोणी म्हणेल, त्याग हा तर ख्रिस्ती जीवनाचा गाभा आहे. निःसंशय आहे. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी ऑशविट्झच्या छळछावणीत एका कैद्याच्या जागी मरण पत्करले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचा अंत झाला आणि तो कैदी पुढे १९९५ पर्यंत जगला. त्यांच्या त्यागाने दुसऱ्याला काहीतरी मिळाले: अख्खे आयुष्य मिळाले. पण आईने इन्सुलिन चुकवले, तर ते कोणाला मिळते? ती उपाशी राहिली, तर कोणाचे पोट भरते? ज्यातून दुसऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, त्याला त्याग म्हणता येत नाही. ती नुसती हेळसांड होय, मग तिला कितीही पवित्र नाव देऊ. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा देतानाही प्रभूने माणसाचे स्वतःवरचे प्रेम हेच माप म्हणून घेतले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर आपल्या शरीरावरही प्रीती करावी काय, असा प्रश्न उघडपणे विचारून त्याचे होकारार्थी उत्तर दिले आहे. कारण शरीर ही देवाची निर्मिती आहे. आपण त्याचे मालक नव्हे, राखणदार आहोत.

'तू बरी राहिलीस तरच आमचे करशील ना', असे आपण तिला समजावतो. हा युक्तिवाद व्यवहारात उपयोगी पडतो. पण त्यात एक खोट आहे. त्यात ती पुन्हा आपल्या उपयोगाची वस्तूच ठरते. तिने स्वतःची काळजी घ्यावी, ती आपल्यासाठी राबता यावे म्हणून नव्हे, तर ती स्वतः मोलाची आहे म्हणून. उद्या तिच्याने काहीही काम झाले नाही, तरी हे मोल रतीभरही कमी होत नाही.

याच कारणाने उपवासकाळातील सवलतही मोकळ्या मनाने स्वीकारली पाहिजे. आजारी माणसावर उपवासाचे बंधन ख्रिस्तसभा घालत नाही. तरीही साखर सत्तरच्या खाली जाऊन घाम फुटेपर्यंत उपाशी राहणारी माणसे आपल्यात आहेत. सूट घेतली तर भक्ती कमी पडली, असे त्यांना वाटते. वस्तुतः आपल्या देहाची मर्यादा ओळखून ती मान्य करणे, यात उपवासाइतकीच नम्रता आहे.

आता दुसरी बाजू. आईने काळजी घ्यावी हे पटले, की घरातील माणसे पहारेकरी होतात. 'पुन्हा गोड खाल्लेस?' 'एवढी वाढली कशी?' तीन महिन्यांच्या सरासरीचा तो आकडा प्रगतिपुस्तकासारखा घरभर फिरतो. लाज वाटू लागली की माणूस सुधारत नाही, लपवू लागतो. चोरून खाल्ले जाते, नोंदवहीत खोटे आकडे लिहिले जातात, तपासणी टाळली जाते. जबाबदारी आणि दोष या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजार सांभाळण्याची जबाबदारी रुग्णाची आहे. पण आनुवंशिकता, वय, औषधांचा खर्च, रात्रपाळीची नोकरी आणि जन्मजात स्वभाव हे काही त्याने निवडलेले नसते. जे त्याने निवडले नाही, त्याचा दोष त्याला देणे हा अन्याय आहे.

मग आपण करावे काय? पहाऱ्याऐवजी सोबत द्यावी. तिच्या पथ्याचे जेवण एका वाटीत वेगळे काढून न ठेवता साऱ्या घराने तेच खावे. आपल्याला उशीर होणार असेल, तर तिने थांबू नये असे आधीच निक्षून सांगावे. संध्याकाळी चालायला जाताना कोणीतरी तिच्यासोबत निघावे. नाताळात केक, करंज्या पुढे करताना 'एवढ्याने काय होते' हा आग्रह सोडावा. नको म्हणणाऱ्याचा मान राखणे हाही पाहुणचारच आहे. ती आठवडेच्या आठवडे उदास दिसू लागली, तर साखरेइतक्याच तत्परतेने डॉक्टरांशी तेही बोलावे. दिवसातून एकदा 'साखर किती आली?' असे विचारण्याआधी 'आई, तू जेवलीस का?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नात हिशेब आहे. दुसऱ्या प्रश्नाने, सर्वांची काळजी वाहताना जी एक व्यक्ती तिच्याकडून राहून गेली होती, तिची आठवण तिला होते.