पढवलेला साक्षीदार आणि बांधलेली मैफल

पाठ करून आणलेले गाणे उत्स्फूर्त म्हणून सादर करणे नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता संगीताच्या परीक्षार्थींपुरताच वाटतो. ख्यालगायनाचा सारा डौल असा की, गायक जे गातो ते त्याला त्या क्षणी सुचत आहे, अशी श्रोत्याची समजूत असते. पदवीच्या अखेरच्या वर्षाचा विद्यार्थी मात्र आपले चाळीस मिनिटांचे मंचप्रदर्शन कित्येक महिने आधीच वहीत मांडून बसलेला असतो. विलंबिताची आवर्तने किती, सरगम कोठून उचलावयाची, कोणती तान कितव्या मात्रेवरून निघून समेवर पडावयाची, शेवटची तिहाई कोणती, हे सारे लिहिलेले असते. मग तो डोळे मिटून, जणू आत्ताच सुचले अशा मुद्रेने ते गातो. याला तयारी म्हणावे की असत्य?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. भालकीकडील एका परिचित कुटुंबातील मुलगी कलबुर्गीस राहून संगीत शिकते. तिने तो विचारला. घरी मराठी, गुरुजी कानडी आणि बंदिश ब्रजभाषेतील, असा आमच्या सीमाभागातील नेहमीचा संसार. गुरुजींनी तिच्यासाठी हंसकिंकिणी हा अनवट राग निवडला आणि त्यातील प्रत्येक तान लिहून दिली. "वकीलकाका," ती म्हणाली, "मला खरा येतो तो भीमपलासी. हंसकिंकिणी मी तीन महिन्यांपूर्वी ऐकलासुद्धा नव्हता. सगळं दुसऱ्याचं पाठ करून मी आपली उपज म्हणून गायचं, ही फसवणूक नाही का?"

तिच्या गुरुजींची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. दिवसभर तोच तो यमन आणि तोच तो भीमपलासी ऐकून परीक्षकाचे कान थकलेले असतात. अनवट रागाने ते टवकारतात. शिवाय या मुलीचे पुढचे सारे गणित, म्हणजे एखाद्या शाळेतील संगीतशिक्षिकेची जागा, या गुणांवर अवलंबून आहे. पोटाचा प्रश्न असलेल्या माणसाला नीतीचे धडे देणे सोपे असते, आणि देणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते.

तरीही न्यायालयात वावरणाऱ्याला या प्रश्नात एक ओळखीचा चेहरा दिसतो, तो पढवलेल्या साक्षीदाराचा. तो अडखळत नाही, तारखा चुकवीत नाही, आणि नेमके म्हणूनच संशय येतो. पण या संशयावर किती भिस्त ठेवावी याविषयी आमच्याच जिल्ह्यात फार पूर्वी एक शहाणपणाची गोष्ट लिहिली गेली आहे. बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (१०७६ ते ११२६) तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. खोट्या माणसाची लक्षणे याज्ञवल्क्याने दिली आहेत: तो जागा बदलत राहतो, ओठांच्या कडा चाटतो, त्याच्या कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग पालटतो, तोंड कोरडे पडून शब्द अडखळतात. हे वर्णन साक्षीदाराच्या पिंजऱ्याऐवजी परीक्षेच्या रंगमंचावरील विद्यार्थ्यालाच अधिक लागू पडेल! विज्ञानेश्वर मात्र येथे सावध करतो. ही चिन्हे दोषाची केवळ शक्यता दाखवितात, निश्चय करीत नाहीत. कारण स्वभावतः होणारे कोणते आणि काही निमित्ताने झालेले कोणते, याचा निवाडा करणे कठीण. म्हणजे घाम हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. आणि हेच उलट बाजूने म्हणावयाचे तर मिटलेले डोळे व शांत मुद्रा हा खरेपणाचाही पुरावा नव्हे.

मग खरेपणा शोधावा कोठे? 'साक्षी' या शब्दाचा अर्थ पाणिनीने सांगितला आहे तो 'साक्षात् पाहणारा' असा. साक्षीदार अस्खलित बोलतो की अडखळत, हा दुय्यम प्रश्न. त्याने ती गोष्ट स्वतः पाहिली आहे काय, हा मुख्य. कायदा तयारीच्या विरुद्ध नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात साक्षीदाराला टिपण पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. अट एवढीच की, ते टिपण त्याने स्वतः घटनेच्या वेळी किंवा घटना ताजी असताना केलेले असावे. दुसऱ्याने लिहिलेले असल्यास ते त्याच सुमारास वाचून बरोबर असल्याचे त्याला पटलेले असावे. या कसोटीत वही निषिद्ध नाही, लिहिलेली तानही निषिद्ध नाही. वहीत आहे ते गाणाऱ्याच्या कानांनी पूर्वी कधी खरे म्हणून पाहिले होते काय, एवढेच विचारावयाचे. त्या मुलीने भीमपलासीतील कोमल गंधार चार वर्षे रोज दुपारी शोधला आहे. त्याविषयी ती जे गाईल ते पाठ केलेले असले तरी साक्ष आहे. हंसकिंकिणीचे दोन गंधार तिने अजून पाहिलेलेच नाहीत; तिला फक्त त्यांचा पत्ता लिहून दिलेला आहे.

यावर कोणी म्हणेल की, गुरुमुखी विद्येत सारेच दुसऱ्याचे असते. उसन्यावाचून शिकणे कसले? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे मोठ्यातले मोठे उदाहरण कर्नाटकातच जन्मले. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा थोरथोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गात असे, आणि त्या नकलेवरच लोकांनी त्याला 'कुमार गंधर्व' केले. त्या वयात ते असत्य नव्हते, कारण मूल नकल करीत आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यातच तर कौतुक होते. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात त्या नकलेतील राग त्यांना आतून दिसू लागले. त्यानंतर देवास येथे क्षयाच्या आजाराने गाणे कित्येक वर्षे बंद पडले. आणि १९६५ साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला, तेव्हा उसन्यापासून आरंभ करणारा मनुष्य किती दूर जाऊ शकतो ते सर्वांना दिसले. उसने घेण्यात दोष नाही. घेतलेले आपले म्हणून खपविणे आणि तेथेच थांबणे, यात आहे.

परीक्षा ही या विद्येतील तशी अलीकडची वस्तू. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरास ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय काढले, त्यांच्या शिष्यपरिवाराने १९३१ साली मंडळ स्थापिले, आणि प्रारंभिक ते अलंकार अशी परीक्षांची शिडी गावोगाव पोहोचली. तिच्यामुळेच सामान्य घरातील मुलींना हे दार उघडले, हे विसरून तिची थट्टा करणे मला कृतघ्नपणाचे वाटते. शिवाय परीक्षकाच्या हाती उलटतपासणी असतेच. 'याच रागात ही जागा दुसऱ्या प्रकारे घेऊन दाखवा,' एवढे त्याने म्हटले की पढवलेला साक्षीदार कोलमडतो. परीक्षक हे क्वचितच विचारतात, ही गोष्ट निराळी.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात एव्हाना माणिकनगर आले असेल. हुमनाबादेजवळच्या त्या स्थानी श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) मराठी, कानडी आणि हिंदी पदे रचली, आणि दत्तजयंतीच्या उत्सवात गवयांनी तेथे गानसेवा करण्याची परंपरा आहे. तेथे गुणपत्रक नसते. देवापुढे गाताना फसविणार कोणाला, असे वाटते. पण या विचारातही एक पळवाट दडलेली आहे. 'भाव महत्त्वाचा, देवाला बेसूरही चालते,' असे म्हणणारे भाविक मी देवळांतून पुष्कळ ऐकले आहेत. त्याच याज्ञवल्क्याने वीणावादनाचे तत्त्व, श्रुती व जाती आणि ताल जाणणाऱ्याला मोक्षमार्ग अनायासे लाभतो असे म्हटले आहे. नुसत्या भावाचे नाव तेथे नाही, जाणण्याचे आहे. देवासाठी तयारी कमी करावयाची नसते. ती परीक्षेहून अधिकच हवी.

त्या मुलीने अखेर गुरुजींपुढे वही ठेवून दोन गोष्टी मागितल्या. मुख्य राग भीमपलासी असावा, आणि विलंबितात सात-आठ आवर्तने कोरी सोडावीत, तेथे काहीही लिहू नये. गुरुजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिली गोष्ट मान्य केली. दुसऱ्या बाबतीत सात-आठांची चार केली, आणि त्या चार आवर्तनांत ती अडकली तर परत समेवर कसे यावयाचे ते मात्र समासात पेन्सिलीने लिहून ठेवले.